ब्लॉगनं मराठीला काय दिलं, आणि त्यातलं काय हरवत चाललंय?

प्रश्न असा आहे: "ताई, मी नाशिकला पत्रकारिता शिकते. ब्लॉगमुळे आपली संस्कृती, संवाद आणि ऑनलाइन समूह कसे बदलले, यावर प्रकल्प करायचा आहे. पण माझ्या वर्गात ब्लॉग वाचणारं कुणीच नाही. खरंच काही बदललं, की एक लाट आली आणि ओसरली? तुम्ही सुरुवातीच्या काळापासून लिहिताय, जरा सविस्तर सांगाल का?"

बदललं, आणि बरंच बदललं. फक्त त्याचं जे कारण सगळे देतात ते मला अपुरं वाटतं. "ब्लॉगमुळे कुणालाही लिहिता यायला लागलं" हे वाक्य तुला दहा ठिकाणी सापडेल. ते खरंच आहे, पण लिहायला आज व्हॉट्सॲपही आहे, आणि तिथं ब्लॉगच्या कितीतरी पट जास्त मराठी रोज लिहिली जाते. तरी ब्लॉगनं जे घडवलं ते तिथं घडत नाही. माझ्या मते ब्लॉगनं दोन गोष्टी एकत्र आणल्या. प्रत्येक लेखाला स्वतःचा कायमचा पत्ता मिळाला, आणि त्याच पत्त्यावर, लेखाच्या अगदी खाली, वाचकाला बोलायची जागा मिळाली. लेख आणि त्यावरची चर्चा एका ठिकाणी, वर्षानुवर्षं, कुणालाही सापडेल अशी राहू लागली. तुझा प्रकल्प या धाग्यावर बांधलास तर हाताला काहीतरी लागेल.

आधीची परिस्थिती डोळ्यांसमोर आण. मराठीत लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला जोडणाऱ्या वाटा जुन्या आहेत. 'दर्पण' हे पहिलं मराठी वृत्तपत्र 6 जानेवारी 1832 ला निघालं. लोकहितवादींची पत्रं 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये येत होती. एका माणसानं स्वतःच्या आवाजात, नेमानं, समाजाला उद्देशून लिहायचं हा प्रकार आपल्याला तेव्हापासून ठाऊक आहे. 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि आपल्या वाचनाचं वर्षभराचं वेळापत्रकच ठरून गेलं. आपल्या गावात सार्वजनिक वाचनालय 1840 पासून आहे. मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमाला भरते. म्हणजे नाशिकला लिहिण्या-ऐकण्याची सवय ब्लॉगनं लावली असं कुणी म्हणू नये.

पण या सगळ्यात वाचकाचं स्थान काय होतं? त्यानं पोस्टकार्ड लिहायचं. संपादकाला आवडलं तर 'वाचकांचा पत्रव्यवहार'मध्ये चार ओळी छापून यायच्या, त्याही कापून. व्याख्यान आवडलं नाही तर घाटाच्या पायऱ्या चढताना शेजारच्याशी बोलायचं. दिवाळी अंकातल्या कथेत चूक दिसली तर ती दाखवायला पुढची दिवाळी. लिहू पाहणाऱ्याची गतही तीच. परतीची तिकिटं लावलेलं पाकीट पाठवायचं आणि पोस्टमनची वाट बघायची.

ब्लॉगर ही सेवा 1999 च्या ऑगस्टमध्ये सुरू झाली, 2003 मध्ये गुगलनं ती विकत घेतली, त्याच वर्षी वर्डप्रेस हे ब्लॉगसाठीचं दुसरं साधन आलं. इंग्रजीतले लोक लगेच लिहू लागले. आपल्याला वेळ लागला. आपल्याकडे लेखक कमी होते म्हणून नव्हे; अडचण लिपीची होती, आणि ही बाजू बहुतेक लेखांमध्ये येतच नाही म्हणून मी जरा थांबून सांगते.

त्या काळात संगणकावर मराठी म्हणजे फॉन्ट. डीटीपीवाल्याकडे एक, वर्तमानपत्राच्या संकेतस्थळाचा दुसरा, सरकारी कार्यालयात तिसरा. प्रत्येकानं इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीनं देवनागरी आकार बसवलेले. तो विशिष्ट फॉन्ट तुमच्याकडे नसेल तर पडद्यावर निव्वळ कचरा दिसायचा. शोध घेणं तर अशक्यच, कारण यंत्राच्या लेखी ते मराठी नव्हतंच. यूनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या व्यवस्थेत, देवनागरी 1991 पासून होती, पण ती घरोघरच्या संगणकात नीट दिसायला विंडोज एक्सपी यावं लागलं. तिथंही 'रीजनल सेटिंग्ज'मध्ये जाऊन खूण करायची आणि सीडी घालायची. कॉलेज रोडवरच्या सायबर कॅफेत ती सीडी मिळेलच असं नव्हतं. मदतीला धावली ती बरहा, गमभन यांसारखी साधनं. इंग्रजी कळफलकावर उच्चाराप्रमाणे टंकायचं आणि देवनागरी उमटायची. ज्यानं कधी टायपिंगचा क्लास केला नाही, अशा गृहिणीला, शिक्षकाला, शेतकऱ्याला लिहिता आलं ते या साधनांमुळे. ती बनवणारे बहुतेक लोक स्वतःच्या वेळात, भाषेच्या ओढीनं काम करत होते. मराठी संस्कृतीच्या इतिहासात त्यांची नोंद व्हायला हवी, असं मला फार मनापासून वाटतं.

एक बारीक गोष्ट दाखवते. 'ॲ' हे अक्षर यूनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं 2008 साली, 5.1 आवृत्तीत. त्याआधी आम्ही 'अ' लिहून, मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालून, वर चंद्र बसवायचो. कुणाच्या संगणकावर ते बरोबर दिसे, कुणाच्या पडद्यावर चंद्राखाली ठिपक्यांचं वर्तुळ येई. 'दुसऱ्या', 'सुऱ्या' यांतला 'ऱ्या'ही दोन पद्धतींनी लिहिला जायचा. डोळ्यांना दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. शोधताना एक हाती लागायचा आणि दुसरा निसटायचा. अशा तक्रारी, त्यावरचे उपाय, कुठली कळ दाबायची, हे सगळं लोकांनी एकमेकांना ब्लॉगच्या प्रतिक्रियांमध्येच शिकवलं. मराठी ब्लॉगचा पहिला समूह साहित्यप्रेमातून जुळला तितकाच या एकमेकांना केलेल्या मदतीतूनही जुळला.

हे फक्त आपल्याच वाट्याला आलं असं नाही. हुसेन देरख्शान यांनी 2001 साली फारसीत ब्लॉग कसा लिहावा याची माहिती, यूनिकोडसकट, प्रसिद्ध केली आणि इराणमध्ये पाहता पाहता लिहिणाऱ्यांची फौज उभी राहिली. लिपीचं कुलूप निघालं की किती माणसं वाट बघत उभी असतात, हे तिथंही दिसलं. पुढे देरख्शान 2008 ते 2014 तुरुंगात होते. बाहेर आल्यावर त्यांनी जे लिहिलं त्याचा आशय तुझ्या कामाचा आहे: एकमेकांना दुवे देत पसरलेलं जाळं मागे पडलं, आणि लोक एकाच कंपनीच्या सरकत्या पट्टीत अडकले.

आता समूह कसा घडतो, ते एका उदाहरणानं सांगते. निफाड तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार आपल्या प्लॉटची दैनंदिनी ब्लॉगवर लिहायचे. एका वर्षी गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठी ऑक्टोबरात करतात त्या छाटणीनंतर, त्यांच्या बागेत घड जिरले. डोळे फुटले, काडी निघाली, पण घडाच्या जागी बाळीच, म्हणजे वेलीचा नुसता ताणा. त्यांनी फोटो टाकून, छाटणीची तारीख, ढगाळ दिवस, दिलेलं पाणी, सगळं जसंच्या तसं लिहिलं. खाली सांगलीकडच्या तासगावच्या एका बागायतदारानं विचारलं, "एप्रिलच्या खरड छाटणीनंतर काडी विरळणी कधी केली होती?" मग आणखी एकानं देठ परीक्षणाचा अहवाल मागितला. एका कृषी पदवीधरानं समजावलं, की घड धरण्याची तयारी काडीत उन्हाळ्यातल्या छाटणीनंतरच होते, तेव्हा ऊन कमी पडलं किंवा गर्दी झाली तर ऑक्टोबरात पंचाईत. मूळ लेखकानं हे सगळं वाचून पुढच्या एप्रिलला काय वेगळं केलं ते त्याच लेखाखाली 'ता. क.' म्हणून जोडलं, त्याच्या पुढच्या हंगामातलाही अनुभव जोडला.

नाशिक आणि सांगलीचे बागायतदार एरवी भेटत नाहीत असं नाही. चर्चासत्रं असतात, संघाच्या बैठका असतात. पण तिथलं बोलणं हवेत विरतं. या पानावर एका चुकीचा पूर्ण प्रवास मागे राहिला, आणि पुढे कुणी 'घड जिरणे' शोधलं की त्याला तो सापडायचा. आज तोच प्रश्न द्राक्षाच्या प्रत्येक व्हॉट्सॲप गटात दर ऑक्टोबरला नव्यानं विचारला जातो. उत्तरं येतात, चांगली येतात, आणि दोन दिवसांत 'शुभ सकाळ'च्या खाली गाडली जातात. ज्ञान आहे, पण ते साचत नाही.

संस्कृतीच्या अंगानं पाहशील तर मला सगळ्यात मोलाची वाटते ती भाषेतली मोकळीक. बागलाण, मालेगाव, कळवण या पट्ट्यातली अहिराणी छापील मराठीत यायची ती बहुधा नाटकातल्या किंवा कथेतल्या एखाद्या पात्राच्या तोंडी. ब्लॉगवर लोक तिच्यात सरळ लेख लिहू लागले. लग्नातली गाणी, आईच्या ओव्या, कानबाईच्या रोटांची आठवण. शुद्धलेखनाच्या नावाखाली ती कुणी प्रमाण मराठीत ओढली नाही. घरात बोलायची आणि शाळेत लपवायची अशी जी भाषा, तिच्यात लिहिलेलं वाचून परगावी नोकरीला गेलेली माणसं प्रतिक्रिया द्यायची, तीही अहिराणीतच.

बायकांच्या लेखनाबद्दल तर स्वतंत्र प्रकरण होईल. पाककृतीच्या ब्लॉगला पुष्कळांनी हलकं लेखलं. पण खाली काय चालायचं ते बघ. कुणी परदेशातून विचारायचं की गूळ मिळत नाही, काय घालू. कुणी लिहायचं की आमच्याकडे मांड्यांच्या पुरणात जायफळ नसतं. मग तिसरी आपल्या सासूबाईंची पद्धत सांगायची. एका पदार्थाच्या निमित्तानं जात, प्रांत, माहेर-सासर यांचे स्वयंपाकघरातले भेद उघडपणे, न भांडता नोंदले गेले. टोपणनावामुळे आणखीही काही शक्य झालं. मूल होत नसल्याचं दुःख, घटस्फोट, आजारी आईवडिलांची शुश्रूषा, कामाच्या ठिकाणचा जातीवरचा टोमणा. ज्या गोष्टी वाड्यात, चाळीत, सोसायटीत बोलता येत नव्हत्या त्या लिहिल्या गेल्या, आणि खाली कुणीतरी लिहायचं, "माझ्याही बाबतीत असंच झालं."

किल्ल्यांवरच्या ब्लॉगबद्दल थोडक्यात. आपल्या जिल्ह्यात साल्हेर, मुल्हेर, धोडप, अंकाई-टंकाई, हरिहर, रामशेज असा खजिना आहे. भटकणाऱ्यांनी लिहून ठेवलं, की हरिहरला निरगुडपाड्याकडून चढावं की हर्षेवाडीकडून, कुठल्या टाक्याचं पाणी पिण्याजोगं आहे, शेवटची एसटी किती वाजता. ती वर्णनं वाचून जाणारा माणूस तयारीनं जायचा. आता तीस सेकंदांच्या चित्रफितीत कातळातल्या पायऱ्या दिसतात, टाकं दिसत नाही. शनिवार-रविवारी तिथं होणारी गर्दी बघितली की फरक कळतो.

समूहाचं म्हणशील, तर मराठी माणसं जालावर, म्हणजे इंटरनेटवर, ब्लॉगच्या आधीपासून जमत होतीच. मायबोली हे गप्पा-चर्चांचं संकेतस्थळ 1996 पासून आहे. ब्लॉगनं वेगळं केलं ते असं, की प्रत्येकाचं घर वेगळं, तरी येणं-जाणं चालू. बाजूच्या पट्टीत आपल्याला आवडणाऱ्या ब्लॉगांची यादी लावायची. दुसऱ्याच्या लेखावर मोठं उत्तर सुचलं तर ते आपल्या ब्लॉगवर लिहायचं आणि मूळ लेखाचा दुवा द्यायचा. मराठीब्लॉग्ज डॉट नेटवर सगळ्यांचे नवे लेख एकत्र दिसायचे. ब्लॉगांवरचं निवडक लेखन घेऊन 'रेषेवरची अक्षरे' नावाचा दिवाळी अंकही जालावर निघाला, म्हणजे नवं माध्यम फिरून आपल्या जुन्याच परंपरेला येऊन मिळालं. दुवा देण्याची ही सवय मला शिष्टाचार म्हणून फार मोठी वाटते. मतभेद असला तरी समोरच्याचं म्हणणं पूर्ण वाचायची वाट तुम्ही वाचकाला मोकळी ठेवता.

या जाळ्याची ताकद संकटात दिसली. डिसेंबर 2004 च्या त्सुनामीनंतर मुंबईतल्या काही ब्लॉगलेखकांनी पुढाकार घेऊन एक सामाईक ब्लॉग उभा केला. बेपत्ता माणसं, मदत कुठं पोहोचवायची, कुणाला काय हवंय, हे जगभरातले स्वयंसेवक त्यावर तासातासाला भरत होते. त्याच्या पुढची पायरीही नोंदव. जुलै 2006 मध्ये मुंबईच्या लोकलमधल्या स्फोटांनंतर सरकारनं मोजकी पानं बंद करायला सांगितली, आणि इंटरनेट पुरवठादारांनी अख्खं ब्लॉगस्पॉट, म्हणजे ब्लॉगरवरचे ब्लॉग जिथं असतात ते ठिकाणच, काही दिवस बंद ठेवलं. पाककृती, कविता, शेती सगळंच गायब. पाकिस्तानातही ते थोडंच आधी बंद झालं होतं. तेव्हा तिथल्या वाचकांसाठी बनवलेल्या एका आडवाटेच्या संकेतस्थळावरून भारतातले लोक आपले ब्लॉग वाचत होते. दोन देशांतली सामान्य माणसं एकमेकांच्या उपयोगी पडल्याचा तो एक खरा प्रसंग आहे.

काळी बाजू लिहायला विसरू नकोस. 'अनामिक' या नावाखाली आलेल्या शिव्या, जातीवरून पेटलेले वाद, बायकांच्या लेखांखालची घाण, हे सगळं तेव्हाही होतं. पण ब्लॉगच्या मालकाला आपल्या अंगणापुरता अधिकार होता. प्रतिक्रिया तपासून मगच दिसू द्यायची की नाही हे तो ठरवायचा, आणि प्रत्येक ब्लॉगचा एक स्वभाव त्यातून तयार व्हायचा. कायद्याची भीती वेगळी. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं 66अ हे 'आक्षेपार्ह' ऑनलाइन मजकुराला शिक्षा सांगणारं कलम, ज्याखाली नोव्हेंबर 2012 मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरच्या मजकुरासाठी अटक झाली, ते सर्वोच्च न्यायालयानं 24 मार्च 2015 ला रद्द केलं. त्या मधल्या वर्षांत अनेकांनी लिहिलेलं मागे घेतलं, काहींनी लिहिणं थांबवलं. जे लिहिलंच गेलं नाही त्याची नोंद कुठे सापडत नाही, म्हणून जुन्या ब्लॉगलेखकांना हा प्रश्न मुद्दाम विचार.

मग हे ओसरलं कसं? लोकांचा लिहायचा उत्साह आटला असं मला दिसत नाही. वाचायची व्यवस्था मोडली. गुगल रीडरमध्ये आपण निवडलेल्या सगळ्या ब्लॉगांचे नवे लेख एका जागी यायचे, ते 1 जुलै 2013 ला बंद झालं. तोवर फेसबुक रुळलं होतं. काय वाचायचं हे वाचक निवडत होता, ते आता दुसरं कुणी निवडू लागलं. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आलं आणि गावोगावी स्वस्त डेटा पोहोचला. ती मोठी आणि चांगली गोष्ट होती, पण नव्यानं आलेल्यांना इंटरनेट म्हणून भेटलं ते व्हॉट्सॲप आणि यूट्यूब. 2019 मध्ये गुगल प्लस बंद झालं, तेव्हा ब्लॉगरवर त्या खात्यांमधून दिलेल्या प्रतिक्रिया पुसल्या गेल्या. लेख राहिले, खालची माणसं गेली. मी वर म्हटलं ना, की समूह प्रतिक्रियांमध्ये होता? तोच भाग इतक्या सहज गेला.

आणि नावं गेली. कुणाच्या तरी ब्लॉगवरचा लेख उचलायचा, लेखकाचं नाव काढायचं, पुढे ढकलायचा. काही महिन्यांनी तोच लेख पुलंच्या किंवा वपुंच्या नावानं परत येतो. दर 27 फेब्रुवारीला आपल्याच नाशिकमध्ये, जिथं कुसुमाग्रज राहिले, त्यांच्या नावावर भलत्याच ओळी फिरतात आणि शाळांच्या फलकांवरही लागतात. मला याचा मनस्वी त्रास होतो. ज्यानं लिहिलं त्याचं नाव जातं, आणि ज्यानं लिहिलं नाही त्याच्या माथी सुमार मजकूर मारला जातो. कायद्यानं लेखकाचा हक्क लिहिल्या क्षणापासूनच असतो, त्यासाठी नोंदणी लागत नाही. पण तो बजावायचा तर मूळ लेख कधी, कुठे आला हे दाखवता यावं लागतं. ब्लॉगचा पत्ता आणि त्यावरची तारीख तेवढ्याचसाठी लाखमोलाची.

तुझ्या वर्गात ब्लॉग वाचणारं कुणी नाही म्हणतेस, पण ब्लॉगनं पाडलेल्या सवयी तुम्ही रोज पाळता. प्रथमपुरुषी, बोलल्यासारखं लिहिणं. स्वतःच्या आयुष्यातली साधी गोष्ट सांगण्याजोगी समजणं. वाचकाला उत्तर देणं. चूक दाखवली की त्याच जागी दुरुस्ती करणं. आजच्या वर्तमानपत्रांच्या पुरवण्या वाच आणि 2000 च्या आधीच्या काढून शेजारी ठेव, भाषेतला फरक तुला लगेच दिसेल.

प्रकल्पासाठी माझं सांगणं असं. सगळ्या महाराष्ट्राचा आवाका घेऊ नकोस. नाशिक जिल्ह्यातले चार-पाच जुने ब्लॉग निवड: एखादा शेतीचा, एखादा अहिराणीतला, एखादा भटकंतीचा, एखादा घरातल्या बाईनं टोपणनावानं लिहिलेला. लेखांइतक्याच खालच्या प्रतिक्रिया वाच. कोण कुठून बोलतंय, कोण परत परत येतंय, वाद कसा मिटला, याची वही कर. जे ब्लॉग आता उघडत नाहीत त्यांचा पत्ता इंटरनेट आर्काइव्ह या जुन्या पानांच्या प्रती जपणाऱ्या संस्थेच्या वेबॅक मशीनमध्ये घालून बघ, पुष्कळदा जुनी प्रत सापडते. टोपणनावामागची व्यक्ती कळली तरी तिच्या परवानगीशिवाय नाव लिहायचं नाही, हे पथ्य कडक पाळ. जी पानं सापडतील त्यांची प्रत त्याच दिवशी स्वतःकडे आणि आर्काइव्हमध्ये, दोन्हीकडे ठेव, कारण एखादी कंपनी सेवा बंद करते तेव्हा फार मुदत देत नाही. टाइपपॅड ही जुनी ब्लॉगसेवा 30 सप्टेंबर 2025 ला बंद झाली तेव्हा लोकांच्या हातात जेमतेम महिना होता. आणि हे सगळं करताना जे आढळेल ते आठवड्याला एक असं तुझ्या स्वतःच्या ब्लॉगवर मराठीत टाकत जा, प्रतिक्रिया उघड्या ठेवून. जुने लिहिणारे तुला शोधत येतील, आणि तुझ्या प्रकल्पाला लागणारी निम्मी माहिती तेच आणून देतील.